सहा पावलं कमी

४ मार्च, सोमवार

कालच्या सामन्यातल्या बरोबरीची खरी किंमत लिहून ठेवतो. एक छत्री, जी मीच समोरच्या कठड्यावर आपटून मोडली. चष्म्याची एक काडी. शेजारच्या न्हाव्याशी बोलणं, निदान आठवड्यापुरतं. आणि माझा घसा. एवढं देऊन गुण मिळाला एक.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "दहा दिवस शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." का नाही, हे विचारायला मी तोंड उघडलं तर त्यांनी नुसतं बोट दाखवलं. म्हणून ही वही. शेडकार्डांच्या खोक्यात कोरी पडली होती.

रंगाच्या दुकानात मुकं राहता येतं, हे आज कळलं. गिऱ्हाईक पिवळा मागतं, मी बोटाने बत्तीस पिवळे दाखवतो, ते दमून पहिलाच उचलतं. दुसरा फायदा असा की माणूस बोलत नाही म्हणजे त्याला ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात. मला याची सवय आहे. दुकान उभं राहायच्या आधी पंधरा वर्षं मी शिडीवर उभं राहून लोकांच्या पाट्या रंगवल्या. शिडीखालून जाणारा वर बघत नाही. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं जमलं, हे मला 'येथे सायकली दुरुस्त होतील' लिहिता लिहिता समजलेलं आहे.

६ मार्च, बुधवार

न्हाव्याच्या दुकानात आज मोठी सभा. मास्तर खुर्चीत, गळ्यापर्यंत फेस. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. आमच्या संघाचा प्रत्येक सामना त्यांच्या रजिस्टरात तारीखवार आहे. न्हावी राहतो इथे, पण जन्म पुलापलीकडचा आणि जीवही तिकडच्याच संघात. वस्तरा त्याच्या हातात असल्यामुळे वाद नेहमी तोच जिंकतो.

"घरचं मैदान, घरचं मैदान," न्हावी म्हणाला. "असतं काय हो ते? चेंडू काय तुमच्या ओळखीचा असतो?"

"आकडे बघ," मास्तर फेसातून म्हणाले. "घरी अठरा सामने. हार एकही नाही."

"पंचांना चहा कोण पाजतं, तेही लिहा त्या रजिस्टरात."

बाकावर बसलेला एकजण म्हणाला, "प्रवासाने होतं हो ते. तीन तास बसमध्ये गुडघे मोडून आल्यावर पळणार कोण?"

"पुलापलीकडून यायला सतरा मिनिटं लागतात," न्हावी म्हणाला.

"तेवढ्यातही तुमच्या मांजराला बस लागते म्हणे."

मांजर म्हणजे त्यांचा डाव्या कडेला खेळणारा. सबंध लीगमध्ये त्याच्याइतका वेगवान कोणी नाही. न्हावी त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतो, देवघरात आल्यासारखा.

मी साबणाचा तुकडा घेऊन आरशावर लिहिलं: आवाज. आमच्या स्टँडचा आवाज. पत्र्याच्या छपराखाली हजारभर माणसं एकदम ओरडली की पाहुण्यांच्या गोलकीपरला स्वतःचं नाव आठवत नाही. तो आवाज मी बसवलाय, कोणी कधी ओरडायचं आणि कधी एकदम गप्प व्हायचं, हे सगळं.

न्हाव्याने आरसा पुसला. "ज्याचा स्वतःचा बसलाय त्याने आवाजावर बोलू नये, मामा."

सगळे हसले. मीही हसलो, पण हसताना आवाज काढायचा नसतो. ते फार अवघड जातं.

८ मार्च, शुक्रवार

सगळं गाव मला मामा म्हणतं, कारण भाचा म्हणतो. बहिणीचा नवरा गेला तेव्हा भाचा चार वर्षांचा. ताई माझ्याहून धाकटी, पण तिला ताई म्हणायची सवय लहानपणापासून लागली ती लागलीच. ती शिलाई मशीन घेऊन वरच्या मजल्यावर राहायला आली. मी लग्न केलं नाही. वेळच झाला नाही, असं मी सांगतो.

भाच्याला फुटबॉल मी शिकवला. मला स्वतःला चेंडू दोनदासुद्धा धड मारता येत नाही, तो भाग वेगळा. घरामागच्या बोळात मी चुन्याची सरळ रेघ ओढली आणि म्हणालो, चेंडू घेऊन हिच्या कडेकडेने पळायचं, रेघ ओलांडायची नाही. सात वर्षं रोज. रेघ पुसट झाली की नवी ओढायचो. आज तो आमच्या संघात उजव्या कडेला खेळतो. चेंडू पांढऱ्या रेषेवर चालवत नेतो आणि रेषेबाहेर जाऊ देत नाही. स्टँडमध्ये त्याला सुतळी म्हणतात, अंगाने तसाच आहे. सकाळी दुकानात असतो, दुपारी सराव.

या पोराला माझ्याइतकं कोणी ओळखत नाही, त्याची आईसुद्धा. तो जिना चढू लागला की मी खाली बसून सांगतो, कुठल्या पायरीवर कुठला पाय पडला.

११ मार्च, सोमवार

ताई मशीन थांबवून खाली आली. ती दुपारी कधी खाली येत नाही.

"दादा, फोन आला होता. मोठ्या क्लबचा. ते एकतीस तारखेला माणूस पाठवतायत याला बघायला."

एकतीसला पुलापलीकडचे आमच्या मैदानावर. मोसमातला शेवटून तिसरा सामना.

"पसंत पडला तर लगेच नेतात म्हणे. राहायला, खायला, शिकवायला सगळं तेच. याचा पगार..." तिने आकडा सांगितला आणि तोंडावर हात ठेवला, जणू चोरून आणला होता. भाचा मागे उभा. कान लाल. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "बघायला येतायत फक्त, मामा. न्यायला नाही."

"एकवीस वर्षांचा झालास," ताई म्हणाली. "आता नाही नेलं तर पुढे कोण नेतंय? ते अठरा-एकोणीसची पोरं बघतात. तुझं नाव कसं लागलं देव जाणे."

मी काउंटरवरच्या लहान पाटीवर खडूने लिहिलं: छान. पंधरा वर्षं पाट्या रंगवल्या मी, पण आज अक्षर चांगलं आलं नाही.

मोठा क्लब म्हणजे काय असतं, ते मला माहीत आहे. एका खोलीत सहा पोरं. गुडघा गेला की सामान बाहेर. नाव पाठीवर असतं, पण हाक नंबरानेच मारतात. इथे सबंध गाव त्याला ओळखतं. पण हे पाटीवर मावण्यासारखं नव्हतं.

१४ मार्च, गुरुवार

आवाज आला. दहा दिवसांनी पहिला शब्द कोणता उच्चारावा याचा मी बराच विचार केला होता. प्रत्यक्षात न्हावी दारातून ओरडला, "मामा, एकतीसला आमचं मांजर तुमच्या घरात येऊन दूध पिऊन जाणार!" आणि माझ्या तोंडून जो शब्द गेला तो वहीत लिहिण्यासारखा नाही.

१६ मार्च, शनिवार

मैदानवाल्याकडे गेलो. गवत कापणं, पाणी मारणं, रेषा आखणं हे सगळं तो एकटा बघतो. त्याला रंग मी फुकट देतो. त्याच्या-माझ्यात एक व्यवहार आहे. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. पाहुण्यांकडे वेगवान पोरं असतील तर तो रेषा एक पाऊल आत घेतो. पाहुणे जड असतील तर एक पाऊल बाहेर. नियमात रुंदीला वरची हद्द आहे आणि खालची हद्द आहे, मधे कितीही ठेवा. कोणाला कळत नाही. स्टँडमध्ये सगळे आवाज, आवाज म्हणतात, मीही म्हणतो. आवाज आहेच. पण ते एक पाऊलही आहे.

"तीन पावलं आत घे," मी म्हणालो. "दोन्हीकडून."

तो नळी हातात धरून उभा राहिला. पाणी त्याच्याच बुटावर पडत होतं. "सहा पावलं? मामा, मैदान आहे का बोळ?"

"खालच्या हद्दीच्या वर राहतंय ना?"

"राहतंय दोन बोटं. पण जुनी रेषा दिसेल की."

"हिरवा रंग मारू तिच्यावर. गवताचा. ते माझ्यावर सोड."

त्याने धार बुटावरून बाजूला घेतली. मग म्हणाला, "मामा, तुमचा भाचापण कडेनेच पळतो."

"त्याला हे मैदान पाठ आहे."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि नळ बंद करायला गेला.

त्याला पुन्हा विचारायला हवं होतं, तो काय म्हणत होता ते. पण मांजर रिकाम्या कडेने सुटलेलं माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि त्यामागे न्हाव्याचं तोंड.

१७ मार्च, रविवार

भाच्याला सांगावं का? सांगितलं तर सरळ पोरगं आहे, कोचला सांगेल. नाही सांगितलं तर खेळता खेळता जमवून घेईल. चांगला खेळाडू दोन मिनिटांत जमवून घेतो. आणि संघ जिंकला तर त्याचंही नाव होणारच.

हे मी तीनदा वाचलं. बरोबर वाटतं.

२३ मार्च, शनिवार

गवताचा हिरवा डब्यात मिळत नाही. मी मैदानातलं वीतभर गवत मुळासकट काढून आणलं आणि काउंटरवर ठेवून जुळवत बसलो. लोकांना वाटतं गवत हिरवं असतं. निम्मं तपकिरी असतं. पिवळा, त्यात निळा, मग मातकट, आणि ब्रशच्या टोकाएवढा काळा. चार वेळा चुकला, पाचव्यांदा असा जुळला की गवतावर थेंब टाकला आणि मलाच सापडेना. दवाने वाहून जाऊ नये म्हणून तेलाचा रंग घेतला.

ताईने जिन्यातून विचारलं, "एवढा हिरवा कोणाला?"

"शाळेचं फाटक."

"फाटकाला असला मळका हिरवा?"

"त्यांना तोच हवाय."

ती एकतीससाठी भाच्याला नवा शर्ट शिवतेय. सामन्यानंतर त्या माणसाला भेटायचं म्हणून. कॉलर दोनदा उसवली.

३० मार्च, शनिवार

दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना दोरी आणि खुंट्या लावून नवी रेषा मारली आणि जुनी झाकली. मैदानवाला पावलं मोजत होता, मी मागून रंग. काम इतकं सफाईदार की मीच मागे वळून जुनी रेषा शोधली. लहानपणी पाटीवर पहिलं अक्षर सुबक आलं होतं त्या दिवसासारखं वाटलं.

भाचा संध्याकाळी बूट घेऊन निघाला होता. मी म्हणालो, "आज मैदानात जाऊ नकोस. पाय मोकळे राहू देत."

"जरा कडेने पळून येतो, मामा."

"कोण बघायला येणार आहे ते लक्षात आहे ना? झोप."

माझं ऐकतो तो. गेला नाही.

३१ मार्च, रविवार

जिंकलो. एक-शून्य. घरच्या मैदानावर एकोणीस.

मांजराची दैना झाली. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने चार वेळा चेंडू बाहेर घालवला. पाचव्यांदा त्याने लाइनमनकडे असं पाहिलं, जणू तोच खोटारडा आहे. आमच्या बाकावरून न्हाव्याला म्हणालो, "दूध गरम होतं का रे?" न्हावी नखं खात होता.

भाच्याचंही सुरुवातीला तेच झालं. तीनदा चेंडू घेऊन पळाला, मान वर, नेहमीसारखा, खाली न बघता. तिन्ही वेळा झेंडा वर गेला. तिसऱ्या वेळी तो थांबला. बुटाच्या टोकाने गवत घासलं. तिथून तीन पावलं बाहेर गेला, तिथेही घासलं. मग मान वर करून स्टँडकडे पाहिलं. हजार माणसांत त्याने मला शोधून काढलं. पोरगं घाबरलंय, धीर मागतंय हे मी ओळखलं. उभा राहिलो आणि नव्या घशाने जीव खाऊन त्याचं नाव ओरडलो. सगळा स्टँड ओरडला.

नंतर तो कडेला आलाच नाही. आत गर्दीत शिरून उभा राहिला, दुसऱ्याच कोणाचा संघ असल्यासारखा. लाइनमन, पंच, दोघेही दोन हातांवर होते, पण कोणाशी अवाक्षर नाही. साठाव्या मिनिटाला कोचने बाहेर काढला. मोठ्या क्लबचा माणूस, राखाडी जॅकेट, मधल्या रांगेत होता. पासष्टाव्या मिनिटाला बघितलं तर त्याची जागा रिकामी. गोल एक्क्याऐंशीव्या मिनिटाला झाला, कॉर्नरवरून, धक्काबुक्कीत.

मला खांद्यावर घेऊन चौकापर्यंत नेलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी खांद्यावर बसणं सोपं नाही, खालच्याने खांदा बदलला की जीव जातो. वरून सगळ्यांची डोकी दिसत होती. त्यात भाच्याचं नव्हतं.

नवा शर्ट घडी घालून खुर्चीवरच आहे.

१ एप्रिल, सोमवार

ताई खाली आली. "दादा, टर्पेंटाइन आहे?"

"रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन विचारतेस? किती हवंय?"

"वाटीभर. याच्या मोज्यांचा डाग जात नाही."

"गवताचा असेल. साबण लाव."

"साबण लावला." ती वाटी घेऊन वर गेली. टर्पेंटाइनचे मी पैसे मागितले, गंमत म्हणून. तिला गंमत कळली नाही.

भाचा दुकानात आला, डबे लावले, बोलला नाही. दडपणाचा परिणाम. आठवड्यात उतरेल.

४ एप्रिल, गुरुवार

मोठ्या क्लबने कळवलं. नको.

फोनवर कोचला सांगितलं, कोचने भाच्याला, भाच्याने जेवताना आईला. मी ऐकलं ते असं: "वेग आहे. पण पोराला रेषेचा अंदाज नाही."

ताईने हातातला घास तसाच ताटात ठेवला. भाचा जेवत राहिला. मी म्हणालो, "त्यांना काय कळतंय? पुढच्या वर्षी हात जोडत येतील."  जेवणात मीठ जास्त होतं, तेही कोणी बोललं नाही.

खरं लिहायचं तर लिहितो. बातमी कानावर पडली आणि वाईट वाटायच्या आधी आणखी काहीतरी वाटलं. वीज गेलेली परत आली की पंखा जसा हळूच फिरायला लागतो, तसं. क्षणभरच. मग वाईट वाटलं. खूप वाटलं. पण क्रम हा होता.

६ एप्रिल, शनिवार

माझी चूक झाली. पाट्या रंगवणारा पोरसवदा गडीही करणार नाही अशी. शेड मी दुकानात जुळवला, ट्यूबलाइटखाली. उन्हात आठवडाभर राहिल्यावर त्यातला पिवळा उडाला आणि खालचा निळा वर आला. त्यात तेलाने गवत मेलं. आता पांढऱ्या रेषेच्या बाहेर तीन पावलांवर दुसरी निळसर रेषा, मैदानाच्या दोन्ही अंगांना, या गोलपासून त्या गोलपर्यंत. शाळेतली पोरंसुद्धा बघून गेली.

मला वाटलं आता चपला पडतील. झालं उलटंच. संध्याकाळी स्टँडवाले दुकानात आले आणि पाठीवर थापा. "मामा, मानलं!" "सहा पावलं! मांजराला पिशवीत घातलं तुम्ही!" एकाने तर माझ्या हाताचा मुका घेतला. दोघा-तिघांना कळत होतं की भाचाही त्याच पिशवीत होता. ते जरा कमी जोरात हसले.

मास्तर शेवटी आले. रजिस्टर काखेत. "आधीच्या अठरा सामन्यांतही...?" त्यांनी विचारलं.

"एखादं पाऊल. कधीतरी."

"मग मी शेरा काय लिहू?"

"नियमात होतं, मास्तर."

"शेऱ्याच्या रकान्यात जागा कमी आहे," ते म्हणाले आणि न लिहिताच गेले.

न्हावी चिडवायला येईल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तो दारातूनच म्हणाला, "आमच्या पोराचं सोडा हो मामा. त्याला तुम्ही नेहमीच आडवे येणार. पण तुमच्या पोराचं?" आणि वस्तरा पाजळायला निघून गेला. त्याला कधी नव्हे ते माझ्यावर हसायची संधी होती, आणि तो हसला नाही. फार राग आला मला.

७ एप्रिल, रविवार

ताई काउंटरसमोर उभी राहिली, गिऱ्हाइकासारखी. मोजे समोर ठेवले. टर्पेंटाइनने डाग निघाले होते, पण घोट्याजवळ एक पट्टा राहिला होता. मळका हिरवा.

"शाळेचं फाटक काळं आहे, दादा. मी काल बघून आले."

मी म्हणालो, संघासाठी केलं. क्लबचा माणूस येणार हे ठरायच्या आधीपासून आम्ही असं करतो. नियमात बसतं. पोराने दोन मिनिटांत जमवून घ्यायला हवं होतं.

"त्याने त्याच दिवशी ओळखलं. घरी आल्या आल्या मोजे काढून मला दाखवले."

"मग पंचांना का नाही सांगितलं त्याने? तिथल्या तिथे रुंदी मोजायला लावली असती. निदान तो राखाडी जॅकेटवाला तरी..."

"मीही तेच विचारलं." तिने मोजे उचलले. "म्हणाला, आधी मामा माझंच नाव ओरडत होता, मग खांद्यावर होता ना."

त्याने मला खांद्यावर कुठून पाहिलं? मी तर शोधत होतो, दिसला नाही.

म्हणजे मनातून त्याने मला माफ केलंय. नाहीतर पंचांसमोर माझं नाव घेतलं असतं. हे मी ताईला बोलून दाखवलं. ती मोजे घेऊन वर गेली.

१३ एप्रिल, शनिवार

भाचा दुकानात येत नाही. सरावालाही जात नाही. कोच विचारायला आला तर ताईने वरूनच सांगितलं, पाय दुखतोय. मी वर गेलो. तो मशीनच्या पट्ट्याला तेल घालत होता.

"राग आहे माझ्यावर?"

"नाही, मामा."

"मग शिव्या दे दोन. मोकळा होशील."

तो हसला. माझ्यासमोर तो असा आधी कधी हसला नव्हता. बँकेतला माणूस गिऱ्हाइकाकडे बघून हसतो, तसा. "तू जेवलास का?" त्याने विचारलं.

२१ एप्रिल, रविवार

न्हाव्याने घात केला. पुलापलीकडच्या संघाच्या सेक्रेटरीला तोच घेऊन आला होता, मागच्या जिन्याने, मी दुकानात असताना. भाच्याने सही केली. तिकडे खोलीही बघितली आहे, दोघांसाठी. ताईचं मशीन उद्या जाणार.

न्हाव्याला गाठलं. "चौदा वर्षं शेजार आहे आपला!"

"म्हणूनच आणला त्याला," तो म्हणाला. "तुमचं पोरगं घरात बसून फुकट जाताना मला बघवलं नाही. सतरा मिनिटांवर आहे, मामा. परदेशात नाही चाललं."

२२ एप्रिल, सोमवार

मशीन जिन्यावरून उतरवताना एका टोकाला मी होतो, दुसऱ्या टोकाला भाचा. "सावकाश," मी म्हणालो. "हो," तो म्हणाला. एवढंच.

काल घरच्या मैदानावर जिंकलो म्हणे. मी गेलो नव्हतो.

९ मे, गुरुवार

वर कोणी चालत नाही. दुकानात बसल्या बसल्या कान वरच लागलेला असतो.

१७ ऑगस्ट, शनिवार

उद्या नव्या मोसमातला आमचा घरचा पहिला सामना, आणि समोर नेमके पुलापलीकडचे. लीगने यंदापासून नियम केलाय, मोसमाआधी माणूस टेप घेऊन येतो, रुंदी लिहून घेतो, मग हलवायची नाही. मैदानवाल्याने सगळ्यात रुंद लिहून दिली. मला विचारलं नाही. बरोबर केलं.

स्टँडवाले येऊन गेले. "मामा, उद्या सुतळीला असा आवाज घालायचा की पुन्हा पूल ओलांडायचं नाव घेणार नाही!" मी म्हणालो, बघू. मला त्याचं खेळणं पाठ आहे. उजव्या कडेने येणार, सरळ खाली, रेषेवरून. आमच्या डाव्या बॅकला मी निरोप पाठवलाय, त्याला कडेला ढकलत राहा, आत येऊ देऊ नकोस. निरोप पाठवल्यावर बराच वेळ हात चोळत बसलो होतो. पण संघ माझा आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

भाचा उजव्या कडेला आलाच नाही. मांजर तिकडे गेलं होतं, आणि हा डावीकडे, आमच्या स्टँडच्या बरोबर समोर. आमचा डावा बॅक नव्वद मिनिटं भलत्याच माणसाला ढकलत होता.

आमचा आवाज सुरू झाला. पत्रा थरथरत होता. हजार माणसं एका पोराला भित्रा, विकाऊ, काय काय म्हणत होती, आणि कधी ओरडायचं, कधी एकदम गप्प व्हायचं, ते अगदी मी शिकवलं तसंच. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. घशाला काही झालेलं नव्हतं.

त्याच्यावर काहीच परिणाम झाला नाही. पहिला गोल त्याने पंधरा पावलांवरून मारला, दुसरा त्याहून लांबून. चेंडू पायाला लागल्याचा आवाज मला स्टँडमध्ये ऐकू आला, असा आवाज मी त्याच्या पायातून आधी कधी ऐकला नव्हता. घरच्या मैदानावर हरलो. मास्तरांनी मान खाली घालून लिहून घेतलं.

सामना सुटल्यावर पाहुण्यांच्या बाजूला गेलो. ताई तिथे बाकावर बसली होती. सतरा वर्षांत ती सामना बघायला पहिल्यांदाच आली होती. मला बघून तिने पिशवी मांडीवर घेतली आणि बसायला जागा केली. पोरं मैदानातून बाहेर पडत होती. भाच्याने आईला हात केला, मग मलाही केला.

मी म्हणालो, "उजव्या कडेचा पोरगा. त्याला डावीकडे कशाला खेळवतात हे लोक?"

"तो डाव्या पायाचा आहे, दादा," ताई म्हणाली. "पहिल्यापासून."